बुधवारची पावणेदोनची वेळ

चेन्नईजवळ तांबरमला मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते आणि खाली घरमालक. त्यांना मी मामा म्हणते. रेल्वेतून निवृत्त झालेले, घराणं तंजावरकडचं मराठी. त्यांच्या मराठीत जुने शब्द फार आणि तमिळ त्याहून जास्त. माझी सातारी मराठी त्यांना भांडल्यासारखी वाटते. सिरुसेरीला एका कंपनीत मी दुसऱ्यांचा डेटा सांभाळायचं काम करते, आणि या कामाचा मला जरा तोरा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मामी गेल्या वर्षी वारल्या. त्याआधीची दोन वर्षं त्या फोन समोर ठेवून, परदेशातल्या लेकीसाठी स्वयंपाक बोलून ठेवत होत्या. उडदाच्या पिठाचं डांगर कसं करायचं, आंबटभाजीत चिंच कधी घालायची, असं सगळं त्यांच्या तंजावरी मराठीत. पूर्ण झाल्यावर एकदमच लेकीला द्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. बेचाळीस रेकॉर्डिंगं झाली आणि त्या गेल्या. मामांनी ती फोनवरून कॉम्प्युटरवर उतरवली होती, आणि त्यानंतर एकही उघडून ऐकलं नव्हतं. ऐकवत नाही, असं ते मला एकदा सरळच म्हणाले. मामींचा आवाज जगात तेवढ्या एका जागी होता.

आणि तो कॉम्प्युटर एप्रिलपासून कुरकुरायला लागला. मी आवाज ऐकला आणि मामांना म्हटलं, आता थांबण्यात अर्थ नाही, एक बॅकअप सर्व्हर घेऊ. पोळ्यांच्या डब्याएवढी काळी पेटी आली. ती घरच्या नेटवर्कला जोडायची आणि ठरल्या वेळी ती कॉम्प्युटरवरचं सगळं आपल्या पोटात उतरवून घेणार. मामा तिला पहिल्या दिवसापासून डबी म्हणाले.

रविवारी मी सेटिंग करायला बसले. वेळ रात्रीची ठेवणार होते, पण झोपण्यापूर्वी घरातली सगळी बटणं बंद करण्याची मामांची शिस्त. मग दुपारी सव्वाबारा टाकले. मामा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "बुधवारीं नको. बारा ते दीड राहुकाळ."

"मामा, हे रोजचंच काम आहे. नवीन काही सुरू करत नाही आपण."

"रोज नवी नक्कल, तर रोज आरंभच नव्हे, अम्मा?"

मी कपाळाला हात लावला. पण प्रत्येक वाराला वेगळी वेळ देण्याची सोय होती, म्हणून बुधवारी पावणेदोन टाकले. "शेरी," मामा म्हणाले, म्हणजे झालं तर मग. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना मी ही गंमत मीठमसाला लावून सांगितली. राहुकाळ पाळणारा सर्व्हर म्हणून सगळे खूप हसले.

ज्यावर हसायला हवं होतं ती गोष्ट वेगळीच होती. सेटिंगमध्ये एक चौकोन असतो: कॉम्प्युटरवरचं जे पुसलं जाईल ते इथूनही पुसायचं का. मी त्यात खूण केली. जागा वाचते, नीटनेटकं राहतं. ऑफिसात आम्ही असंच करतो, फक्त तिथे जुन्या प्रती वेगळ्या ठेवणारी दुसरी व्यवस्था असते. इथे ती नव्हती, हे मला सुचलंच नाही. मामांना तर मी या चौकोनाबद्दल अवाक्षरही सांगितलं नाही. पहिली प्रत उतरली आणि मी हात झटकून म्हटलं, "आता निर्धास्त राहा. सगळं डबीत सुखरूप आहे."

बुधवारी मी घरूनच काम करते. कत्तिरीचे दिवस होते, चेन्नईच्या उन्हाळ्यातले सगळ्यात वाईट. मामा ताकाचा तांब्या घेऊन वर आले. चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान.

"सकाळींच कॉम्प्युटर मोकळा केला," ते म्हणाले. "डबींत बेचाळीस, इथें बेचाळीस. ताडून पाहिलें, मग इथलीं काढून टाकलीं. कचऱ्याचा डबाही रिकामा जाहला."

आयुष्यभर रेल्वेच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी हेच केलं होतं. जुन्या रजिस्टरची नवीन नक्कल उतरवायची, ताडायची, सही करायची आणि जुनं रद्दीत. तो माणूस दुसरं काय करणार होता?

मी घड्याळ पाहिलं. बारा चाळीस झाले होते. दुसरा कुठलाही वार असता तर डबीने पंचवीस मिनिटांपूर्वीच कॉम्प्युटर बघितला असता, तिथे काही नाही म्हणून स्वतःकडचंही पुसून टाकलं असतं. मी ताक तसंच ठेवून अनवाणी खाली धावले आणि डबीची वायर उपटली. मग तिथेच फरशीवर बसले.

मामा जिना उतरून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. चौकोनाचं, माझ्या घाईचं, आणि ऑफिसात हसल्याचंही. मला लाज वाटत होती. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलंही नाही, हा त्यांचा मोठेपणा. आत जाऊन ताकाचा दुसरा तांब्या आणला.

मी पुन्हा वायर जोडली, चौकोनातली खूण काढली, जुन्या प्रती ठेवायला सांगितल्या आणि बेचाळीसही फायली परत कॉम्प्युटरवर आणल्या. पेन ड्राइव्हवर एक वेगळी प्रतही केली. मामा आकडा मोजायला पुढे झाले.

"मोजून कळत नाही, मामा," मी म्हटलं. "निदान एक तरी उघडून ऐकावं लागतं. मी एकटी ऐकू का?"

ते खुर्चीत बसले. "लाव," म्हणाले.

मी पहिलीच फाईल लावली. आधी नुसती घरघर आली, मग भांड्याचा आवाज, मग मामी, अगदी शेजारून बोलल्यासारख्या.

"डांगराचें पीठ पहिलें भाजून घे. लाल नको, वास येईपर्यंत." मग जरा थांबून, वेगळ्या स्वरात, "अहो, तो फॅन बंद करा हो. पोरीस ऐकूं यायास पाहिजे नव्हे?"

मामा उठले. दाराजवळ गेले, फॅनचं बटण बंद केलं आणि परत येऊन बसले.

त्या उकाड्यात आम्ही दोघं घामाने निथळत बसलो आणि डांगर शेवटपर्यंत ऐकलं.