गोदूबाईचं लर्न

नाते गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात वीस-बावीस घरांची वाडी. त्या वाडीतली गोदूबाई म्हणजे काही लहानसहान असामी नव्हती. आसपासच्या चार वाड्यांत मूल जन्माला यायचं ते तिच्या हातावर. घरची शेती होती, मुलगा मुरारी मुंबईला गिरणीत होता, त्यामुळे सुईणपणावर काही तिचं पोट नव्हतं. पण बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायची, आणि निघताना मान जी ताठ व्हायची ती घरी परतेपर्यंत तशीच. गर्व होता म्हणा ना. दीडशे बाळंतपणं केलेल्या बाईला नसेल तर कुणाला असावा?

हे सगळं तिने सासूकडून घेतलं होतं. सासू ठकूबाई ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली, पण जीभ शाबूत. नाळ कापायचा विळाही सासूचाच. विळ्याने नाळ कापायची, वर गोवरीची राख दाबायची, पाचवीला सटवाई पुजायची. एखादं पोर सातव्या-आठव्या दिवशी दूध सोडायचं, त्याचा जबडा मिटायचा, अंग ताठायचं आणि जायचं. सटवाईने नेलं तर सुईण काय करणार, असं ठकूबाई म्हणे आणि गोदूबाईही तेच म्हणे. सून रखमाची दोन पोरं अशीच गेली, तेव्हाही तिने तेच म्हटलं होतं.

१९३३ सालच्या मार्गशीर्षात महाडच्या दवाखान्यात दर शनिवारी सुइणींचा वर्ग निघाला. मालोजी पाटलाने सांगावा आणला तेव्हा गोदूबाई हसली. तरी गेली, कारण न जावं तर लोक म्हणतील, घाबरली. मुंबईहून रजेवर आलेला पुतण्या पांडू सोबतीला होता. भल्या पहाटे निघून चार कोस तुडवत दोघं महाडात पोचली.

डॉक्टरीणबाई मुंबईच्या पारशी. त्यांचं मराठी अडखळतं. शब्द सापडला नाही की इंग्रजी टाकून मोकळ्या व्हायच्या. "तुमी सगळे इथे लर्न करायला आले," असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. गोदूबाईने पडवीत बसलेल्या पांडूकडे पाहिलं.

"लर्न म्हंजे शिकणं, काकी," पांडू म्हणाला.

"मग माजं झालंय. पंचवीस वर्सांमागं."

डॉक्टरीणबाईंनी एकेकीला विचारलं, बाळंतपणं किती केली? गोदूबाईने ठसक्यात सांगितलं, दीडशे. बायकांनी वळून पाहिलं. तेवढ्यात बाईंनी पुढचं विचारलं, "त्यातली दहाव्या दिवशी किती जिवंत होती?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी केला नव्हता. मग बाईंनी विळ्याबद्दल आणि राखेबद्दल सांगितलं. माती-शेणातलं विष त्या ओल्या नाळेतून मुलाच्या अंगात शिरतं आणि आठवड्याने जबडा मिटतो. नाळ कापायची ती उकळलेल्या कातरीने, आणि वर राख घालायची नाही. सटवाईचं नावसुद्धा बाईंनी काढलं नाही. गोदूबाई उठली आणि कुणाला न सांगता चालू पडली. पांडूने तिला गांधारी नदीच्या काठावर गाठलं.

वाटभर ती मनात मोजत होती. घरांची नावं घेत मोजलं तेव्हा एकतीस पोरं भरली. त्यांतली दोन रखमाची. डॉक्टरीण खरं बोलत असेल तर आपली नातवंडं सटवाईने नेली नव्हती, आपण घालवली होती. असलं कुठली आजी कबूल करील? डॉक्टरीण खोटी, असं तिने घर येईपर्यंत पक्कं ठरवून टाकलं.

दारात रखमा उभी होती, सातवा महिना लागलेली. "आत्याबाय, काय सांगितलं गो डाक्टरणीनं?" तिने विचारलं.

"काय नाय. आपलंच आपल्याला सांगत्यात," गोदूबाई म्हणाली. रखमाने मान डोलावली आणि पोटावर हात ठेवून आत गेली. सुनेने इतक्या सहज विश्वास ठेवला, तेच गोदूबाईला सोसेना. आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. पुढच्या शनिवारी ती पांडूला घेऊन पुन्हा महाडला निघाली, आणि डॉक्टरीणबाई काही विचारायच्या आत म्हणाली, "बाय, कातर किती येळ उकळायची ता सांगा."

वीस मिनिटं, बाई म्हणाल्या. वाडीत घड्याळ कुठलं? गोदूबाईने दवाखान्यातल्या घड्याळासमोर बसून जात्यावरच्या ओव्या पुटपुटल्या. चाळीस ओव्यांना वीस मिनिटं भरली. डॉक्टरीणबाईंना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी त्या ओव्या सगळ्या वर्गाला म्हणायला लावल्या. त्या दिवशी परतताना तिची मान पुन्हा ताठ होती, पण आता ती वेगळ्या कारणाने.

"पांडू, तुजं चुकलं रे," ती म्हणाली. "सासूनं दिलं ता मी घेतलं, ता शिकणं. हातातलं आदी खाली ठेवायचं अन् मंग दुसरं घ्यायचं, ता लर्न. लय जड हाय." पांडूला बारा वर्षं मुंबईत राहून हे सुचलं नव्हतं. तो नुसता हो म्हणाला.

फाल्गुनात एका दुपारी रखमाचे दिवस भरले. ठकूबाई विळा आणि राखेचं सूप घेऊन उंबऱ्यात येऊन बसली. गोदूबाई चुलीपाशी कातर आणि दोरा उकळत ओव्या म्हणत होती. आत सून कण्हतेय आणि सासू ओव्या गातेय, हे पाहून शेजारणींनी तोंडाला पदर लावले.

पोर जन्मलं. ठकूबाईने विळा पुढे केला.

"आत्याबाय, विळा नको," गोदूबाई म्हणाली.

"ह्याच विळ्यानं मुराऱ्याची नाळ कापली. मला अक्कल शिकवतेस?"

"मुरारी जगला ता त्याचं नशीब. तुमच्या पाया पडते, पण आज विळा आत यायचा नाय." इतक्या वर्षांत सासूला उलट उत्तर तिने पहिल्यांदाच दिलं होतं. तिने दोऱ्याने नाळ बांधली आणि कातर नेमकी चालवली. राख कुणाला टाकू दिली नाही. म्हातारी आठ दिवस गोदूबाईशी बोलली नाही.

सातवा दिवस गेला, आठवा गेला. गोदूबाई घासभर जेवायची आणि पुन्हा पोराच्या तोंडाकडे बघत बसायची. नवव्या दिवशी पोराने असं भोकाड पसरलं की खालच्या आळीत ऐकू गेला, आणि गोदूबाई चुलीपाशी बसून पोटभर रडली.

बारशाला वाडी लोटली. गोदूबाईने काय जादू केली, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. इतका मान तिला आजवर कधी मिळाला नव्हता. तेवढ्यात वाडीतलीच रंगूबाई जवळ आली. गेल्या साली तिचा मुलगा आठव्या दिवशी गेला होता, ते बाळंतपण गोदूबाईनेच केलं होतं. तिने हळूच विचारलं, "माज्या येळेला हे ठाऊक नव्हतं काय गो?"

सटवाई होतीच हाताशी. एक शब्द पुरला असता आणि वाडीने मानही डोलावली असती. गोदूबाईने पाळण्याची दोरी सोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नव्हतं ठाऊक. तुजा बाळ सटवाईनं नाय नेला, रंगू. माज्या विळ्यानं नेला. रखमीचे दोन बी. आता मी लर्न केलंय."

कोपऱ्यात बसलेल्या ठकूबाईने पदराने डोळे पुसले. रंगूबाईने पाळण्यातलं पोर उचलून मांडीवर घेतलं, त्याच्या सुकलेल्या बेंबीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला चवथा म्हयना हाय, गोदूमावशी. सांगावा धाडला की तूच ये."