कडब्यातली मोटार

“एवढी साखर खाल्ली म्हंतेत हिनं, मग मुंग्या कामून लागंनात हिला?”

मोटार ढकलता ढकलता मागचा गडी पुढच्याला म्हणाला. पुढचा म्हणाला, “मुंग्यांना बी ठावं हाय, मालकाची मोटार हाय. भेतेत.” दोघं हसले. खिडकीत मी उभी दिसले तसे गप्प झाले आणि जरा जास्तच जोर लावून त्यांनी मोटार गोठ्याशेजारच्या छपरातून उन्हात आणली.

ती अप्पांची मोटार. अप्पा, म्हणजे माझे वडील, औरादला वकिली करायचे. बिदरच्या कोर्टात जायला त्यांनी ती बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबाकडून जुनीच घेतली होती. ते वारल्यावर ती माझ्या आईकडं, अव्वाकडं, आली. पण आमच्या घरात बाईकडं आलेली वस्तू काकांच्या हातात असते. चार वर्षं तिचं इंजिन जाम होतं. पुढून हँडल घालून दोघादोघांनी जोर लावला तरी फिरत नव्हतं. त्या दिवशी बिदरहून मिस्त्री येणार होता. तो इंजिन उघडणार आणि मग ठरणार, दुरुस्त करायची की मोडायची. अव्वाला ती दुरुस्त हवी होती. काकांना तिची चाकं आणि आस हवी होती, रबरी टायरची बैलगाडी करायला. तशा गाड्या तेव्हा आमच्याकडं नव्यानंच दिसू लागल्या होत्या. माल जास्त बसतो, बैलांना ओढ कमी लागते. काकांचं म्हणणं चूक नव्हतं. ते सहसा चूक नसत, आणि त्यामुळं त्यांना कुणी काही विचारायची सवयच घरात उरली नव्हती.

मला काय हवं, हे कुणी विचारलं नाही. मला ती नुसती उघडायला हवी होती. चालेना का, मोडेना का. आत काय आहे ते एकदा सगळ्यांना दिसावं. आणि ते दिसेल म्हणून पहाटेपासून मी खिडकी सोडली नव्हती.

कारण आत साखर नव्हती. आत काय आहे ते दोघांनाच ठाऊक होतं, काकांना आणि मला.

अप्पा गेले त्या उन्हाळ्यात मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला घरी आले होते. चौदा वर्षांची होते. रझाकारांचे दिवस. कुणाची घोडी नेली, कुणाची बंदूक नेली, असं रोज ऐकू यायचं. मोटार दिसली तर तीही नेतील, म्हणून काकांनी ती खळ्यात नेऊन तिच्यावर कडब्याची गंजी रचायचं ठरवलं. अप्पांचे ड्रायव्हर, त्यांना मी चाचा म्हणायची, त्या दिवशी बिदरला गेले होते. बायको आजारी होती. काका म्हणाले, आता पावसाळा येईल, आतलं लोखंड गंजेल. आमच्याकडं नांगराचा फाळ, कुळवाची पास, जे काही लोखंड वर ठेवायचं, त्याला करडईचं तेल लावून ठेवतात. तेल वाळून त्याचा पापुद्रा धरतो आणि गंज लागत नाही. काकांनी तेलाचा डबा मागवला. पण मोटारीत तेल नेमकं कुठून घालायचं, हे त्यांना कळेना.

ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी चाचांनी प्लग साफ करताना मला जवळ बसवून दाखवलं होतं. प्लग काढला की खाली भोक, भोकाच्या आत सिलिंडर, सिलिंडरात दट्ट्या वरखाली होतो. कुणी मला काही समजावून सांगितलेलं मी विसरत नसे. मी काकांना चारी प्लग दाखवले. पाना कुठल्या पेटीत असतो तेही दाखवलं. काका खूश झाले. “बघा, इंग्रजी शाळंत घातल्याचा कायतरी उपेग झाला,” म्हणाले. चारी भोकांत त्यांनी करडईचं तेल ओतलं, उतू जाईपर्यंत. संध्याकाळपर्यंत वर गंजी उभी राहिली.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. त्यानंतरच्या आठवड्यात चाचा बायको-मुलांना घेऊन गाव सोडून गेले. त्यांच्या गल्लीतली आणखीही घरं रिकामी झाली. काहींना जाताच आलं नाही. त्याबद्दल आमच्या घरात बोलत नसत, आणि मीही इथं त्याहून जास्त लिहिणार नाही. मला जे ठाऊक आहे ते ऐकीव आहे.

पुढच्या उन्हाळ्यात गंजी उपसली. मोटार बाहेर आली, हँडल फिरेना. बघायला माणसं जमली होती. घाम पुसत काका म्हणाले, “जाता जाता साखर घालून गेला बघा. इमानदार, इमानदार म्हणत होता दादा.” दादा म्हणजे अप्पा; आणि टाकीत साखर घातली की इंजिन धरतं, असं तेव्हा सगळेच म्हणत. ते ठरवून खोटं बोलले, असं मला आजही वाटत नाही. तेलानं लोखंड राखलं जातं, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. मग बिघाड दुसऱ्या कुणीतरी केला असणार. आणि त्या दिवसांत तो दुसरा कोण, हे शोधावं लागत नव्हतं. मोटारीवर पुरुषभर उंचीची गंजी होती, ती उपसल्याशिवाय आत हात जाणं शक्य नव्हतं, आणि गंजी काकांच्या डोळ्यांसमोर होती. हे तिथं जमलेल्या प्रत्येकाला समजत होतं. कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

माझ्या गप्प बसण्याला घरात वळण म्हणत. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची. घरी माझं शाळेतलं बोलणं ऐकून चुलतभावंडं नक्कल करायची. दोन्हीकडं तोंड उघडलं की काहीतरी चुकायचं. त्यामुळं मी बघायला शिकले आणि बोलायचं सोडलं. पाहुण्यांना त्याचं कौतुक होतं. “पोरगी शिकली तरी आवाज न्हाई बघा तिला.”

मिस्त्री यायच्या आधी पंधरा दिवस, बाजाराच्या दिवशी, चाचा आले होते. चार वर्षांनी. दाढी पांढरी झालेली, पायात चपला नाहीत. ओसरीच्या खाली उभे राहिले. पूर्वी पायरीवर बसायचे. बिदरच्या एका मोटारमालकाला ड्रायव्हर हवा होता, पण आधीच्या घरची चिठ्ठी आण म्हणाला होता. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आमची मोटार साखर घालून मारली, अन् आमच्याच दारात चिठ्ठी मागायलास व्हय रे?”

चाचा म्हणाले, “मालक, त्या साली आमच्या घरात चहाला साखर नव्हती. मोटारीला कुठून घालू?”

बाजाराला आलेले दोघं-तिघं ओसरीवर बसले होते, ते हसले. चाचा हसले नाहीत. त्यांनी दाराशी मला पाहिलं. “बेटी, तुम लिखके देव. अंग्रेजी में एक सतर. इसने गाडी अच्छी चलाया, इत्ताच.”

एक ओळ. शाळेत मी पानंच्या पानं निबंध लिहिले होते, त्यांवर शेरे मिळवले होते. चाचा माझ्याकडं बघत होते. काका म्हणाले, “तिला काय इचारतो? पोरगी हाय ती.” मी आत गेले. सुपात तांदूळ होते, ते निवडत बसले. बाहेरून अव्वाचा आवाज आला. “जावा बाबा तुमी. आमच्या जिवाला लई लागलंय ते.”

चाचांना साधारण इतकंच हवं होतं की त्यांनी तसं केलं नाही हे कुणीतरी म्हणावं. नोकरी त्यावरच अडली होती.

मिस्त्री आला तो ऊन चढल्यावर. काठीसारखा म्हातारा, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. इंजिनाचं वरचं झाकण उतरवायलाच त्यानं जेवणाची वेळ केली. काका, दोन्ही गडी, शेजारचे दोघं, सगळे भोवती. अव्वा चौकटीत उभी, मी तिच्या मागं. मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरनं आत खरवडलं आणि तांबूस, चिकट, डिंकासारखा एक गोळा कागदावर काढला.

“हीच की साखर,” काका म्हणाले.

मिस्त्रीनं गरम पाणी मागवलं. वाटीत गोळा टाकून ढवळला. तो होता तसाच राहिला. मग रॉकेल मागवलं. रॉकेलमध्ये तो हळूहळू मऊ पडू लागला. मिस्त्रीनं नाकाशी धरला. “साखर न्हाई ही. साखर पान्यात इरघळती. ह्ये खायचं त्याल हाय. करडीचं. वाळून डिंक झाला अन् दट्ट्या धरून बसला. फाळाला लावतेत तसं लावलंय कुनीतरी. कोन शहाना हो?”

तिथं उभा असलेला एकेक जण शेतकरी होता. फाळाला तेल कोण लावून ठेवतं, ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. पुढचा गडी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. काकांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, धमकीनंही नाही. मी काही बोलणार नाही, याची त्यांना खात्री होती. ते नुसतं मी कुठं उभी आहे ते बघत होते.

“मग त्याल घातलं त्यानं,” ते म्हणाले. “साखर नसंल तर त्याल. वाईट करनाराला काय, हाताला लागंल ते.”

कुणीतरी “व्हय की” म्हणालं.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, “दुरुस्त व्हती, अक्का. रॉकेलात भिजवायची, दट्ट्याच्या रिंगा हैदराबादहून आनायच्या. महिना-दीड महिना. मग चांगली चालंल.”

मला वाटलं अव्वा हो म्हणेल. चार वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती. दर सणाला त्या बंद मोटारीला ती हळदीकुंकू लावायची, टपावरची धूळ पदरानं पुसायची. पण ती म्हणाली, “नको. मोडा. घरचं मानूस समजलो आमी त्याला, माझ्या हातचं खाल्लं त्यानं. त्यानं इख घातलेली चीज मला चालती बघवायची न्हाई.”

काकांनी मान डोलावली. जड मनानं डोलावल्यासारखी. गडी चाकांकडं बघू लागले.

मिस्त्री हत्यारं गोळा करत होता. सहज म्हणाला, “तुमच्या त्या डायवरला बी न्हाई घेतलं हो त्या मोटारवाल्यानं. चिठ्ठी न्हाई म्हनून. आता आडतीत पोती उचलायलाय. ह्या वयात. परवाच दिसला.”

नंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण मी बोलल्यानं काही बदललं असं कुणाला वाटू नये. मोटार मोडली. टायरगाडी झाली. काका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, मग गरजेपुरतं बोलू लागले. मी चाचांच्या नावानं इंग्रजीत चिठ्ठी लिहिली, चांगली लिहिली, मिस्त्रीच्या हाती पाठवली. ती पोचली की नाही, कळलं नाही. पोचली असली तरी जागा भरलेली होती. अव्वानं मला एकदाच विचारलं, “त्याच दिशी कामून सांगितलीस? आधी न्हाई, नंतर न्हाई?” ती पंधरा दिवसांपूर्वीच्या बाजाराच्या दिवसाबद्दल विचारत होती की चार वर्षांबद्दल, मला समजलं नाही.

त्या दुपारी मात्र मी अव्वाच्या मागून पुढं आले. शेजारचे उठून चालले होते, एकजण जोडे घालत होता. पहिल्यांदा मी बोलले ते कुणाला ऐकूच गेलं नाही. अव्वा म्हणाली, “काय म्हणायलीस?” मग मी मोठ्यानं म्हणाले,

“अव्वा, त्याल काकांनी ओतलं. कुठं ओतायचं ते मी दाखवलं. चाचा त्या दिशी गावातच नव्हते.”