चुलीपाशी राख ठेवली कुणी?

माझ्या आत्याला राखेपायी कामावरून हाकललं होतं.

आज पहाटे ती गेली. म्हणून आज लिहितेच.

कौसाबाई तिचं नाव. बहात्तरचा दुष्काळ. प्रवरेकाठच्या टेकाडावर बाहेरचे साहेब लोक खोदकाम करत होते. हजारो वर्षांपूर्वीची माणसं काय खायची, ते शोधायला.

त्या काळच्या चुलींची राख चाळायची. जळके दाणे, बोराच्या बिया, माशांचे काटे मिळायचे. त्यावरून सगळं कळतं म्हणे.

आत्या त्यांच्या कॅम्पवर भांडी घासायची.

एका दुपारी कुण्या साहेबाने जुन्या चुलीतली सगळी राख घमेल्यात भरली. आणि घमेलं ठेवलं कुठे? कॅम्पच्या चुलीशेजारी! ना चिठ्ठी, ना झाकण. खुशाल जेवायला बसले.

आत्याने त्याच राखेने त्यांची ताटं लखलखीत घासली.

संध्याकाळी बोंबाबोंब.

"बाई, काय केलंस हे! सॅम्पल होतं ते!"

"चुलीपाशी राख हुती, सायेब. मंग ती भांड्याचीच ना? तितं ठिवली कुनी?"

ठेवणाऱ्याविरुद्ध कुणी ब्र काढला नाही. आत्याला मात्र, उद्यापासून येऊ नको. ऐन दुष्काळात! गेली बिचारी खडी फोडायला.

माझं डोकं फिरलं ते मागच्या वर्षी. नगरला व्याख्यान होतं, मुद्दाम गेले. त्याच कॅम्पवरचे एक सर, आता म्हातारे. हसत हसत सांगतात, "आमच्या एका बाईने तर प्रागैतिहासिक जेवणानं भांडी घासली!"

हॉल खो-खो हसला.

मी उभी राहिले. "सर, त्या बाईचं नाव काय?"

"आता एवढं कुठे लक्षात..."

"काढून टाकलंत, त्या संध्याकाळी ती काय जेवली?"

सर पाणी प्यायले. पुढची स्लाइड.

संताप संताप झाला नुसता. हजारो वर्षांपूर्वीचं जेवण शोधता, आणि समोरच्या बाईला विचारत नाही?

घरी येऊन मीच आत्याला विचारलं.

"काय जेवनार? रेशनच्या मिलो जवारीची एक भाकर हुती, ती पोरांला दिली. मी पानी पेले. तवाच ठरवलं, आपल्या दारातून कुनी उपाशी जायाचं न्हाई."

आणि पाळलं तिने. मीटर रीडिंगवाल्यालासुद्धा जेवल्याशिवाय सोडायची नाही.

सर, लिहून घ्या. बाईचं नाव कौसाबाई. शेवटचं जेवण दूध-भाकरी, काल संध्याकाळी, माझ्या हातून. दोनच घास, पण खाल्ले.

आत्या, तू उपाशी नाही गेलीस.

ये आता.