विषय क्रमांक चार आणि नऊ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ज्यांचे आहेत, त्यांना आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका समाजमंदिराच्या रिकाम्या हॉलमध्ये अभ्यासिका सुरू केली. मी वांगणीचा. वडील कंपनीत हेल्पर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे अभ्यास करणाऱ्याला टेबल लागतं, हे कुणाला सुचलंच नव्हतं. टेबल बाईंनी दिलं. त्यावर मी पदवी मिळवली आणि पुढे परीक्षा देऊन नोकरीला लागलो.

नोकरी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका नगरपालिकेत. कोणत्या, ते सांगत नाही. मी सभा विभागात लिपिक आहे. विषयपत्रिका तयार करायची, सभेत विषय वाचायचे, झालेले ठराव लिहून काढायचे, हे माझं काम. पण विषय वाचायची वेळ फारशी येत नाही. मी पहिली ओळ म्हटली की कुणीतरी सदस्य "वाचलं समजा" म्हणतो. दुसरा अनुमोदन देतो आणि विषय एकमताने मंजूर होतो. हा प्रघात जुना आहे, आणि त्यामुळे सभा जेवणाच्या आत संपते.

बरीच वर्षं प्रशासकांचा कारभार होता. मग निवडणूक झाली आणि नवीन सभागृह आलं. त्या सभागृहाच्या एका सभेत विषय क्रमांक चार होता मोकळ्या भूखंडावर व्यापारी संकुल बांधण्याचा. विषय क्रमांक नऊ होता अभ्यासिकेला हॉलच्या दुरुस्तीसाठी अनुदान देण्याचा. चार बांधकाम विभागाकडून आला होता, नऊ समाजकल्याणकडून. नकाशा जोडताना माझ्या लक्षात आलं की भूखंड मोकळा नाही. त्यावर बाईंचा हॉल आहे.

मी अधीक्षकांना दाखवलं. त्यांनी दोन्ही प्रस्ताव शांतपणे वाचले.

"दोन्ही नियमात आहेत," ते म्हणाले.

"पण सर, जो हॉल पाडायचा, त्याचीच दुरुस्ती कशी करायची?"

"ते सभागृहाने ठरवायचं. आपण टाइप करायचं."

संध्याकाळी मी अभ्यासिकेत गेलो. बाई खिडकीजवळ एका मुलीची गणितं तपासत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की सभेत कुणाच्या लक्षात आणून दिलं, तर अनुदान नक्की जाईल. संकुल सगळ्यांनाच हवं होतं. स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्या कितीतरी वर्षं गाळे मागत होत्या, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

"आणि गप्प बसलास तर?" बाईंनी विचारलं.

"अनुदान मिळेल."

"आणि हॉल?"

"तो जाईल."

"मग त्या पैशाचं मी काय करू? रस्त्याला रंग देऊ?" त्यांनी वही मिटली. "सभेत वाचून दाखवायला तुला पगार देतात ना?"

"हो."

"मग वाच. एवढं शिकवलंय तुला."

सभेत विषय चारची मी पहिली ओळ म्हटली.

"वाचलं समजा," मागून आवाज आला. मी दुसरी ओळ सुरू करायच्या आत विषय मंजूर झाला.

विषय नऊलाही तोच आवाज आला. मी थांबलो नाही. अर्जदार कोण, हॉल कुठे, भूखंड कोणता, दुरुस्ती कसली, सगळं वाचत गेलो. "अरे, वाचलं समजा म्हटलं ना," असं दोनदा झालं. अधीक्षक माझ्याकडे न बघता पाणी प्यायले. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "हा विषय चारमधलाच भूखंड आहे."

एका नव्या नगरसेविकेने विषयपत्रिका मागे उलटली. "म्हणजे आत्ता आपण हा हॉल पाडला?"

"पाडला नाही ताई, पाडायला मंजुरी दिली," शेजारचे सदस्य म्हणाले.

"मग दुरुस्ती कशाची करताय, दादा?"

"आधी रंग देऊ. पाडताना फोटो चांगले येतील."

लोक हसले. त्या नगरसेविका हसल्या नाहीत. "माझी मुलगी तिथे बसते अभ्यासाला. घरी सासरे टीव्ही बंद करत नाहीत. तुम्ही येऊन करताय का बंद?"

अनुदान रद्द करावं, असं दोघांच्या तोंडावर दिसत होतं, पण मुलांच्या विरोधात पहिलं बोट वर करायला कुणी तयार नव्हतं. नगराध्यक्षांनी विषय पुढच्या सभेत घेऊ, असं सुचवलं. तेवढ्यात एक सदस्य उठले. त्यांचं उल्हासनगरला फर्निचरचं दुकान आहे.

"साहेब, संकुलाचा पहिला मजला कोण घेणार? कस्टमर जिना चढतच नाही. माझा वरचा शोरूम बघा, अख्खा दिवस पंखा एकटाच फिरतो. तो मजला अभ्यासिकेला देऊन टाका, सीधी बात."

ठराव असा झाला: पहिला मजला अभ्यासिकेसाठी राखून ठेवावा. बांधकाम होईपर्यंत नगरपालिकेच्या शाळेतला एक वर्ग पहाटे आणि संध्याकाळी द्यावा. दुरुस्तीचं अनुदान स्थलांतरासाठी वापरावं. एकमताने मंजूर. सभा संपली तेव्हा जेवण थंड झालं होतं, आणि ते माझ्यामुळे, असं मला नंतर बरेच दिवस ऐकवलं गेलं.

हॉल रिकामा करण्याची नोटीस मलाच टाइप करावी लागली. तिच्याच पाकिटात मी हे पत्र घातलं.

"आदरणीय बाई,

सोबतची नोटीस कार्यालयाची आहे. तिच्यात 'कसूर केल्यास' असं लिहिलं आहे. ते सगळ्याच नोटिशींत असतं, मनावर घेऊ नका.

हॉल वाचला नाही. अभ्यासिका राहिली. याहून जास्त मला जमलं नाही.

नवीन जागा जिन्यावर आहे आणि तुमचे गुडघे मला माहीत आहेत. आराखड्यात लिफ्ट नाही, मी विचारलं. त्यासाठी तुमच्या नावाने अर्ज करून ठेवला आहे, फक्त सही करा. लिफ्ट होईलच, असं मी सांगू शकत नाही.

रविवारी मुलांना घेऊन टेबलं हलवायला येतो. तुम्ही काही उचलू नका. शाळेचा शिपाई पहाटे यायला तयार नाही, म्हणून वर्गाची किल्ली मी मागून घेतली आहे. पहाटे मी उघडत जाईन. तुम्ही बदलापूर गावातून उजाडल्यावर निघालात तरी चालेल.

आपला विद्यार्थी"