ठिणगीवाचून पेटणारी पावडर

"पैशाचा अर्ज नाय करायचा, दादा. पैसं कंपनीनं दिलं. त्याच्या हातात बिडी व्हती का नव्हती, तेवढं मला सरकारकडनं लिहून आणून द्या."

टोकावड्याच्या वरच्या पाड्यावरची सोमीबाई मुरबाडला तहसीलच्या आवारात माझ्या अर्ज लिहिण्याच्या टेबलापुढे बसून हे बोलली. तिचा नवरा काळू एका रासायनिक कारखान्यात पावडर वाळवण्याच्या ड्रायरवर होता. ड्रायरमधून काढून रचलेल्या गरम पोत्यांना आग लागली, त्यात तो गेला. कागदोपत्री कारण नोंदले गेले, कामगाराची बिडी.

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं बिडी सोडली व्हती. मला खरं वाटलं नाय. त्या सकाळी मी बोललेच नाय त्याच्याशी. भाकर नुसती पुढं सारली."

प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'प्रार्थना' असते, म्हणजे कार्यालयाने नेमके काय करावे ते. बिडी होती की नव्हती, हे आता कोणतेही कार्यालय सांगू शकत नाही. म्हणून मी प्रार्थना बदलली. 'सदर पावडर ठिणगीवाचून पेटते किंवा कसे, याची चाचणी अर्जदाराच्या समक्ष व्हावी.' 'समक्ष' हा शब्द मी विचारपूर्वक घातला. एरवी तिला फाटकाच्या आत कोणी घेतले नसते.

कारखाना निरीक्षकांचा आदेश निघाला. मॅनेजर फाटकावरच म्हणाले, "रायटर, भरपाई मिळाली ना हिला? आता काय उकरताय?"

"मी उकरत नाही, साहेब. आदेशाची प्रत आणली आहे."

लॅबमधल्या केमिस्ट बाईंनी नीट समजावले. पावडर जाळीच्या लहानशा डब्यात भरायची, डबा ओव्हनमध्ये ठेवायचा आणि उष्णता हळूहळू वाढवायची. एक आकडा ओव्हनच्या तापमानाचा, दुसरा पावडरीच्या पोटातल्या. पोटातला आकडा पुढे गेला, की पावडर स्वतःहून तापू लागली असे समजायचे.

"ओला पेंढा रचला का आतून कढत होतो, तसं?"

"तसंच, ताई."

बराच वेळ पावडरीचा आकडा मागेच राहिला. सोमीबाई तोंडाला पदर लावून बसली होती. मग तो ओव्हनच्या बरोबरीला आला, जरा रेंगाळला आणि एकदम वर चढला. जाळीत लाल ठिपका उमटला.

"पेटली गो! कोणी हात पण नाय लावला."

अहवालात आले, 'ड्रायरमधील तापमानास सदर पावडर पेटण्यासाठी बाहेरील ठिणगीची आवश्यकता नाही.' बिडी नव्हती, असे त्यात कुठेही नव्हते. मी तिला ते स्पष्ट सांगितले. चाचणी पावडरीची होते, माणसाची होत नाही.

"मला पुरं हाय," ती म्हणाली.

स्टँडवर टोकावड्याची एसटी लागली. पायरीवर पाय ठेवून ती मागे वळली.

"दादा, मला पटलं, ते आता त्याला कसं कळवायचं?"

प्रार्थना एकच असावी आणि ती पुरी करणारे कार्यालय अस्तित्वात असावे, हा आमच्या कामाचा पहिला नियम. तिची ही दुसरी प्रार्थना मी लिहून घेतली नाही. अर्जाच्या माथ्यावर 'प्रति' लिहावे लागते. तिथे कोणाचे नाव घालावे, ते मला सुचले नाही.