उजेडात जेवू घालणारी हॉटेलं

मुंबईत चांगलं जेवायला कुठं मिळतं, असं मला ओळखीचे लोक अजून विचारतात. मी तिथं कितीतरी दिवस रोज हॉटेलात जेवले, हे त्यांना माहीत असतं. कशासाठी जेवले, हे सगळ्यांना माहीत नसतं.

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, आप्पांना वजनकाट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे वळून सांगितलं, की गाठ काढता येईल, पण या अंगावर नाही. अन्नाची वाट अरुंद झालीय, बंद झालेली नाही. मऊ, थोडं थोडं, पण सारखं खाऊ घाला. दोन आठवड्यांनी वजन वाढलेलं दिसलं तर ऑपरेशन करतो. आणखी उतरलं तर मी हात लावणार नाही.

मला ते ऐकून धीरच आला. हे आपल्याला जमण्यासारखं आहे, असं वाटलं. कुपवाडला आमचा छोटा कारखाना आहे. मशीन नवरा बघतो. माल कधी, कुठं, कुठल्या गाडीनं जायचा ते मी बघते. वस्तू वेळेत पोचवायची तर आधी अडचणी मोजायच्या, हे मला ठाऊक आहे.

अडचणी भरपूर होत्या. आम्ही उतरलो त्या धर्मशाळेत खोलीत शेगडी लावायला मनाई होती. आम्ही जैन, कृष्णाकाठचे शेतकरी. आमच्यातले बरेच जण कांदा खातात, आप्पा खात नाहीत. लसूण, बटाटाही नाही. दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही नाही. ताटात उष्टं टाकायचं नाही. शेवटी ताटात पाणी फिरवून तेसुद्धा पिऊन टाकायचं. हळदीच्या काढणीत अंधार पडेपर्यंत रानात थांबावं लागलं, तर ते उपाशी झोपत, पण कंदिलाखाली जेवत नसत. आणि आम्ही गेलो ते थंडीचे दिवस होते. सूर्य सहाच्या आसपास जाई आणि मुंबईची हॉटेलं रात्रीच्या जेवणाला सातला उघडत.

मी आजूबाजूच्या हॉटेलांची यादी केली. जिना आहे का, चूल कधी पेटते, बिनकांद्याचं देतात का, हात धुवायची जागा जवळ आहे का. पहिल्या दिवशी यादीत सगळ्यात वर होतं ते मोठं थाळीचं हॉटेल, कारण त्याच्या पाटीवर ‘जैन’ असं लिहिलेलं होतं. आपलंच म्हणून मी निर्धास्त गेले. वाढपी पोरं घाईघाईनं वाट्या भरत सुटली. आप्पांनी पहिल्याच वाटीवर हात आडवा धरला आणि तिघांना परत पाठवलं. मग आमटीचा घोट घेतला.

“ही आमटी हाय का पानक?” त्यांनी मला विचारलं.

वाढप्यानं अभिमानानं सांगितलं, “दादाजी, पूरा जैन है.”

“त्याला सांग,” आप्पा मला म्हणाले, “आमीबी जैनच हाय. पर आमच्यात गूळ पेठंला जातो, आमटीत न्हाई.”

मी हसले. बऱ्याच दिवसांनी ते असं काहीतरी बोलले होते. त्यांनी भाताचे चार घास खाल्ले, ताट धुऊन प्यायले आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी बिल देत उभी होते. नळाला रांग असेल, असं वाटलं.

दुसरं हॉटेल इडलीचं. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, चार बाकांचं. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याशी आप्पा कानडीत बोलले. आमच्याकडे सीमेपलीकडची माणसं हळदीच्या कामाला येत, त्यामुळे त्यांना ती चांगली येते. म्हातारा खूश झाला. त्यानं आतून कांदा न घातलेलं सार करून आणलं आणि एकेक इडली वेगळ्या वाटीत सारात कुस्करून दिली. इतकं मऊ, इतकं साधं आणि इतकं चांगलं अन्न मी त्या शहरात दुसरीकडे खाल्लं नाही. आप्पांनी एक इडली खाल्ली. दुसरी हात लावायच्या आधीच परत करवली. उष्टी टाकायला लागू नये म्हणून. मला ते नेहमीचंच वाटलं.

तिसरं हॉटेल माझ्या यादीत नव्हतंच. त्या दिवशी तपासण्यांत दुपार गेली होती, इडलीवाल्याचं दुकान बंद होतं आणि ऊन भिंतींवर चढायला लागलं होतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक काचेचं हॉटेल दिसलं. दारात टाय लावलेला मुलगा म्हणाला, सातला या. मी त्याला बाजूला सारून आत गेले. मॅनेजरला म्हटलं की बिनकांदा-लसणाचं काहीही चालेल, फक्त आत्ता हवं. तो स्वतः आत गेला आणि त्यांच्या माणसांसाठी केलेला वरणभात घेऊन आला. पांढऱ्या कापडाच्या टेबलावर, चमकत्या ग्लासांच्या मधे, कामगारांच्या वाटणीचा वरणभात. त्यानं पैसे घेतले नाहीत. आप्पांनी त्याला दोन्ही हात जोडले, पाच-सहा घास खाल्ले आणि पोट भरलं म्हणाले.

आठवड्यानं वजन केलं. उतरलं होतं.

नर्सनं पुन्हा काट्यावर चढायला सांगितलं. आकडा तोच. खोलीवर आल्यावर मी नवऱ्याला फोन केला आणि वेळापत्रक सांगू लागले: सकाळी सात, दहा, एक, साडेतीन, साडेपाच. त्यानं मधेच थांबवून म्हटलं, अगं, रात्री दोनदा दूध पाज, देव काय कारखान्याचा इन्स्पेक्टर आहे का. मी फोन ठेवला आणि तेच आप्पांना विचारलं. त्यांनी मान हलवली. मग माझा तोल गेला. नियम राखून मरायचंय का तुम्हाला, असं मी वडिलांना म्हणाले. ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

“तसं न्हवं,” एवढंच म्हणाले.

पुढचे दिवस मी शहर तुडवलं. त्यांना झोपवायचं आणि निघायचं. कुणी मऊ भात देतं का, कुणी साडेपाचला ताट देतं का. चालताना मला एकच दिसत असे: काट्याची थरथरणारी सुई आणि डॉक्टरांची नकारार्थी हलणारी मान. दुसऱ्या वजनाला तीन दिवस राहिले तेव्हा ती खानावळ सापडली. बाजाराच्या बाजूला, आमच्याकडच्या हमालांसाठी चालवलेली, शाकाहारी. चालवणारी बाई जतकडची. मी तोंड उघडलं तशी म्हणाली, “आवं, बोलण्यावरनंच वळाखलं. सांगलीच्या न्हवं का तुमी?”

तिला सगळं सांगितलं. कांदा नाही, लसूण नाही, ऊन असतानाच. ती म्हणाली, तुमच्या आप्पांसाठी मी साडेपाचला तवा ठेवते, हमाल काय आठच्या आत येत न्हाईत. वेगळं पातेलंही काढते.

दुसऱ्या दिवशी आप्पांना रिक्षानं नेलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ ताटात पडत होतं. जोंधळ्याची भाकरी, मुगाचं वरण, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. आप्पांनी भाकरीचा वास घेतला. मला वाटलं, पोचले. सगळ्या अडचणी संपल्या होत्या. वेळ होती, उजेड होता, आपलं अन्न होतं, वाढणारी बाई आपल्या भागातली होती.

त्यांनी भाकरी वरणात कुस्करली. एक घास, दुसरा, तिसरा. मग हात थांबला. कपाळावर घाम आला. ते ताटाकडे बघत बसले, कुणी रागावल्यासारखे. आणि उठले. ताटात अर्धी भाकरी, वरणात भिजलेली, तशीच राहिली. पाण्याचा तांब्या त्यांनी हातात घेतलासुद्धा नाही.

मी जन्मात त्यांचं उष्टं ताट पाहिलं नव्हतं. खानावळवाली म्हणाली, “बिघडलं का काय?” मी मागच्या मोरीकडे गेले. आप्पा भिंतीला डोकं टेकून वाकले होते. खाल्लेलं सगळं बाहेर आलं होतं, आणि त्यात सकाळचं दूधही होतं, दह्यासारखं साखळलेलं. सकाळपासून काहीच खाली गेलं नव्हतं.

मी त्यांची पाठ धरली. “कधीपासून?”

“पयल्या दिसापास्नं थोडं थोडं. आता पाणीबी थांबतंय.”

“सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर डाक्तरनं माघारी पाठवलं असतं.” त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. “म्हणलं, चार घास ऱ्हातील पोटात. तू एवढी फिरतीयास.”

परत करवलेल्या वाट्या, नळाजवळचा वेळ, रात्रीच्या दुधाला नकार: सगळ्याला आमच्या घरात एक मान्य कारण होतं, म्हणून मी एकदाही दुसरं कारण शोधलं नाही. त्यांना जगायचं होतं. डॉक्टरांनी परत पाठवू नये म्हणून ते उलट्या लपवून उपाशी राहत होते, आणि मी त्यांच्यासाठी हॉटेलं शोधत होते.

आम्ही तिथूनच हॉस्पिटलला गेलो. मी डॉक्टरांना सांगितलं की वाट बंद झालीय. त्यांनी रात्रीच आप्पांना दाखल करून घेतलं आणि सकाळी दुर्बिणीतून पाहिलं. जवळजवळ संपूर्ण बंद. वजनाचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, आता तोंडानं काही द्यायचं नाही. गाठीच्या पलीकडे आतड्यात नळी उतरते का बघू, उतरली तर त्यातून अन्न देता येईल. नाही उतरली तर, असं मी विचारणार होते, पण त्यांनी फाईल मिटली. पुढं त्या नळीवरच आप्पांचं अंग सावरलं आणि ऑपरेशन झालं. त्या दुपारी मात्र यातलं मला काहीच माहीत नव्हतं. दुपारी त्यांना आत नेलं. मला बाहेर थांबायला सांगितलं, मग तेही नको म्हणाले, फोन करू.

खानावळवालीला सांगायचं राहिलं होतं. बाई आमच्यासाठी तवा ठेवणार, म्हणून मी चालत गेले. तिनं भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. आप्पा येणार नाहीत, म्हटल्यावर तिनं एक भाकरी काढली. माझ्यापुढं ताट ठेवलं.

“बसा. तुमी कवा जेवलाव?”

मी भाकरी मोडली. घास तोंडात फिरत राहिला, खाली जाईना. पाण्याचा घोट घेतला, तरी जाईना. तोंडातला घास तसाच धरून मी बसले आणि फोनकडे बघत राहिले. बाई समोरच्या बाकावर हात गुडघ्यांवर टाकून बसली. मधून मधून तीही फोनकडे बघत होती.

फोन आला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. नर्स म्हणाली, नळी पलीकडे उतरली आहे. पहिलं अन्न सोडलं आहे, अर्धी वाटीसुद्धा नाही, थेंबाथेंबानं. अजून उलटी नाही.

“अजून म्हणजे?” मी विचारलं.

“आत्तापर्यंत,” ती म्हणाली.

मी फोन खाली ठेवला. घास गिळला.