किरिस्तावाची काठी

श्रीमंतांच्या तोफखान्यातला गोव्याकडचा एक किरिस्ताव गोलंदाज रोज सकाळी मुठेच्या घाटावर दिसे. मी स्नानाला उतरताना त्याला "लांब हो" म्हणे. तो टोपी काढून, काठी टेकत चार पायऱ्या मागे सरे. एकदा पुरात माझा पाय घसरला. सोवळ्यातली मंडळी काठावरून मोठमोठ्यानं मंत्र म्हणू लागली. त्यानं काठी पुढे केली आणि मला ओढून काढलं.

"हात का नाही दिलास?" मी धापा टाकत विचारलं.

"दिला असता, पंत. पण मग विटाळ झाला म्हणून तुम्ही पुन्हा पाण्यात उतरला असतात."

तो हसलाही नाही. काठी मी धुवून परत केली. त्याच्या मानाखातर धुतली की माझ्या सोवळ्याखातर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.